‘मुली बघतात’ ही तक्रार: अमेरिकी कार्टून आणि खेळण्यांची मांडणी

गेल्या व्याख्यानात आपण साबणाच्या कंपन्या आणि रेडिओ यांच्याबद्दल बोललो. दुपारच्या वेळी घरात बाई असते, साबण तीच विकत घेते, म्हणून तिच्यासाठी मालिका. असा तो सरळ हिशोब होता. आज त्याच हिशोबाची उलटी बाजू पाहायची आहे. मालिका चालू आहे, लोक आवडीनं बघताहेत, आणि तरीही कंपनी नाराज आहे, कारण बघणारे ‘चुकीचे’ आहेत. असं घडू शकतं का? घडलेलं आहे, आणि तेही फार जुनं नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये पॉल डिनी हा लेखक केव्हिन स्मिथ या दिग्दर्शकाच्या पॉडकास्टवर बोलत होता. डिनी या धंद्यातला मुरलेला माणूस. नव्वदच्या दशकातल्या गाजलेल्या बॅटमॅन कार्टून मालिकेचा तो लेखक, आणि हार्ली क्विन हे पात्र ज्या दोघांनी घडवलं त्यातला एक. २०१० साली त्याची ‘टॉवर प्रेप’ नावाची मालिका कार्टून नेटवर्कवर आली आणि तेरा भागांत संपली. त्यानं सांगितलं ते असं: मालिकेत मुलींची पात्रं चांगली रंगवली, मुली बघायला लागल्या, सगळं कुटुंब बघायला लागलं, आणि वाहिनीच्या वरिष्ठांना नेमकं तेच नको होतं. त्यांना हवे होते मुलगे. कारण मुलगे खेळणी घेतात. मुली ही असली खेळणी घेत नाहीत, हे तिथं गृहीतच होतं.

त्याच सुमारास ‘यंग जस्टिस’ ही मालिका बंद झाली. २०१० च्या शेवटी सुरू झालेली, २०१३ च्या मार्चमध्ये संपलेली, प्रेक्षकांची लाडकी. तिचा एक निर्माता ग्रेग वाइसमन यानं नंतर कारण उघडपणे सांगितलं. मालिकेचा खर्च मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर चालला होता. खेळणी अपेक्षेइतकी खपली नाहीत, मॅटेलनं हात काढून घेतला, मालिका संपली. ती किती लोक बघतात हा प्रश्न त्या हिशोबात दुय्यम होता. डिनी एक सांगतो, वाइसमन दुसरं सांगतो, असं वरवर वाटेल. पण दोघं एकाच यंत्राचे दोन भाग दाखवताहेत.

ते यंत्र कसं तयार झालं, हा आजचा विषय.

सुरुवात १९५५ पासून करू. त्या साली डिस्नेचा ‘मिकी माउस क्लब’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि मॅटेल या तेव्हाच्या लहानशा कंपनीनं त्यात वर्षभर जाहिरात करण्यासाठी पाच लाख डॉलर मोजले. कंपनीची सगळी मालमत्ता जवळपास तेवढीच होती. म्हणजे जुगारच. जाहिरात होती ‘बर्प गन’ नावाच्या खेळण्यातल्या मशिनगनची, आणि ती धडाधड खपली. तोपर्यंत खेळणं विकायचं म्हणजे आईबापांना पटवायचं, आणि तेही मुख्यतः नाताळात. आता थेट मुलाशी बोलता येऊ लागलं, वर्षाचे बाराही महिने.

१९५९ साली त्याच मॅटेलनं बार्बी आणली. कंपनीच्या संस्थापकांपैकी रूथ हँडलर यांची ती कल्पना. न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मालाची मागणी नोंदवायला आलेले व्यापारी बहुतेक पुरुष. मोठ्या बाईसारखी दिसणारी बाहुली कोणती आई मुलीला घेऊन देईल, असं म्हणून त्यांनी नाकं मुरडली. पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलींना काय आवडेल हे ठरवणारा पहिला माणूस म्हणजे दुकानासाठी माल निवडणारा खरेदीदार. मुलगी त्याच्यानंतर येते. हे आज आपल्याला पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

बार्बीचा खरा नफा कपड्यांत होता. बाहुली एकदा घ्यायची, कपडे पुन्हा पुन्हा. हीच युक्ती हॅस्ब्रो या कंपनीनं १९६४ साली मुलग्यांसाठी उचलली. साधारण बारा इंचांचा सैनिक, बदलता येणारे गणवेश, वेगळी विकत घ्यायची शस्त्रं. नाव जी. आय. जो. आता ही बाहुलीच, नाही का? पण कंपनीत ‘बाहुली’ या शब्दाला बंदी होती. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, आणि बापही घेऊन देणार नाहीत, म्हणून नवीन नाव काढलं: ‘ॲक्शन फिगर’. मराठीत बाहुला म्हटलं असतं तरी भागलं असतं. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, त्यात दोघंही एकाच टोपलीत असतात. इंग्रजीत ती सोय नव्हती. दोन शब्द झाले, आणि शब्दांमागून दुकानात दोन मांडण्या झाल्या.

१९६९ मध्ये आणखी एक पायरी. मॅटेलच्या ‘हॉट व्हील्स’ या छोट्या गाड्यांच्या नावानं एबीसी वाहिनीवर कार्टून आलं. टॉपर या प्रतिस्पर्धी कंपनीनं तक्रार केली की हा कार्यक्रम नव्हेच, ही अर्ध्या तासाची जाहिरात आहे. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे तिथल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानं, ते मान्य केलं. पुढची दहाएक वर्षं खेळण्यावरून मालिका काढायला कोणी फारसं धजावलं नाही.

ही सत्तरीची वर्षं जरा लक्षात ठेवा. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी सिअर्स या दुकानाचे जुने कॅटलॉग वर्षानुवर्षं चाळले. त्यांना आढळलं की १९७५ च्या कॅटलॉगमधली जवळपास ७० टक्के खेळणी मुलाची की मुलीची, याची कुठलीच खूण नसलेली होती. त्या काळातली स्त्रीमुक्तीची चळवळ कॅटलॉगपर्यंत पोहोचली होती म्हणा ना. आपण समजतो की जुना काळ जास्त कर्मठ होता आणि काळ पुढं सरकतो तसं सगळं आपोआप सैल होतं. इथं उलटं झालं. गुलाबी आणि निळ्याची आजची भिंत आजीच्या काळातली नाही. ती बरीचशी १९८० नंतर उभी राहिली.

का? एक कारण सरकारी. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ साली मार्क फाउलर यांना त्या आयोगाचं अध्यक्ष केलं. फाउलर यांच्या मते टीव्ही हे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर. त्याच्यावर वेगळे निर्बंध कशाला? १९८४ मध्ये जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठली. वारं त्याआधीच बदललं होतं. सप्टेंबर १९८३ मध्ये फिल्मेशन या स्टुडिओची ‘ही-मॅन’ मालिका सुरू झाली, पहिल्याच वर्षी ६५ भाग. खेळणी मॅटेलची, आणि ती मालिकेच्या आधीच बाजारात होती. मग १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’, पुढं जी. आय. जो, केअर बेअर्स, माय लिटल पोनी. रांगच लागली. आता कार्यक्रम खेळण्यातून निघत होता. खेळणं दुकानात दोनपैकी एका मांडणीत ठेवायचं होतं, म्हणून कार्यक्रमही कोणत्या मांडणीचा हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरत होतं.

ही-मॅन आपल्याकडेही दूरदर्शनवर लागायचा. आपल्या प्रेक्षकांतल्या चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. चाळीत, वाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या घरी सगळी पोरं एकत्र. त्यात मुलगे किती, मुली किती, हे मोजायला कोणी बसलेलं नव्हतं. अमेरिकेत मात्र मोजलं जात होतं, आणि त्यात एक अडचण निघाली. ही-मॅन मुलीही मोठ्या संख्येनं बघत होत्या.

इथं कंपनीनं काय केलं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. मुलींना ही-मॅन आवडतो, तर ही-मॅनची खेळणी त्यांनाही विकावीत, हा सरळ मार्ग होता. तो घेतला नाही. मॅटेलमध्ये मुलग्यांच्या खेळण्यांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा. म्हणून १९८५ मध्ये ही-मॅनची जुळी बहीण ‘शी-रा’ निघाली. मालिकेत ती तलवार चालवते, जुलमी राजवटीविरुद्धच्या बंडाचं नेतृत्व करते. लिहिणाऱ्यांनी मनापासून लिहिलेली मालिका आहे ती. पण दुकानातली शी-रा मुलींच्या विभागाकडून आली, तेव्हा तिला विंचरता येतील असे लांब केस होते आणि तिच्यासोबत वेगळे कपडे विकत मिळत होते. बार्बीचंच शास्त्र. मुली दारात आल्या म्हणून त्यांच्यासाठी शेजारी वेगळं दुकान टाकलं, पहिल्या दुकानाचं दार मात्र होतं तसंच राहिलं.

आता न्यायानं बोलायचं तर कंपनीच्या बाजूनंही काही म्हणता येतं. दुकानातली जागा मोजकी असते. ‘ॲक्शन फिगर’च्या मांडणीकडे मुलगी फिरकत नाही, फिरकली तर बरोबरचं मोठं माणूस तिला ओढून नेतं, तेव्हा तिथं तिच्यासाठी माल ठेवून तो पडून राहणार. व्यापारी माणूस हा धोका का घेईल? आम्हाला हा युक्तिवाद अर्धा पटतो. उरलेला अर्धा पटत नाही, कारण त्या मांडणीकडे तिनं फिरकू नये अशी व्यवस्था आधी केली गेली आणि मग ती फिरकत नाही हा पुरावा म्हणून सादर झाला.

याच सुमारास धंद्यात एक नियम पक्का झाला. तो कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ: मुली मुलग्यांच्या गोष्टी बघतात, मुलगे मुलींच्या बघत नाहीत, म्हणून नायक मुलगाच ठेवा, दोन्ही गिऱ्हाइकं मिळतात. कॅथा पॉलिट या लेखिकेनं १९९१ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत यावर एक लहानसा लेख लिहिला. लहान मुलीची आई म्हणून ती कार्टून बघत होती आणि तिला दिसलं की जिकडं तिकडं पोरांचा घोळका, त्यात एकच मुलगी. ‘स्मर्फ’ या निळ्या बुटक्यांच्या गावात कोणी हुशार, कोणी चिडका, कोणी आळशी. आणि एक स्मर्फेट, जिचा गुण एवढाच की ती मुलगी आहे. पॉलिटनं या रचनेला स्मर्फेटचंच नाव दिलं, आणि ते अभ्यासकांत रूढ झालं. आपल्याकडचा ‘छोटा भीम’ २००८ साली आला. भीम, राजू, जग्गू, कालिया, ढोलू, भोलू, आणि लाडू देणारी चुटकी. मोजणी तुम्हीच करा.

हा नियम खरा होता का? गंमत अशी की ज्या ज्या वेळी कोणी तो मोडून पाहिला, त्या त्या वेळी तो टिकला नाही. पॉलिटचा लेख आला त्याच वर्षी निकलोडियन वाहिनीनं ‘क्लॅरिसा’ नावाची मालिका काढली. नायिका मुलगी, ती थेट कॅमेऱ्याशी बोलते. मुलगेही आवडीनं बघत होते. वीस वर्षांनी त्याच वाहिनीवर ‘कोरा’ या मालिकेचा प्रश्न आला. नायिका मुलगी आहे म्हणून वरिष्ठ कचरत होते. शेवटी मुलग्यांना बसवून भाग दाखवला. निर्माता ब्रायन कोनिएट्झको यानं नंतर सांगितलं की कोरा मुलगी आहे याचं मुलग्यांना काहीच नव्हतं. त्यांना ती भारी वाटली, एवढंच. म्हणजे बघा, वीस वर्षांपूर्वीचं उत्तर त्याच घरात उपलब्ध होतं, आणि तरी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. मुलग्याचा नायक करताना अशी परीक्षा कधी लागली नाही. पुस्तकांच्या धंद्यातही हीच भीती होती: १९९७ साली हॅरी पॉटरच्या प्रकाशकांनी लेखिकेला पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं वापरायला सुचवलं, बाईचं नाव पाहून मुलगे पुस्तक उचलणार नाहीत म्हणून.

आता डिस्नेकडे वळू, कारण तिथं हे दोन मांडण्यांचं गणित सगळ्यात मोठ्या आकड्यांत दिसतं. २००० च्या सुमारास अँडी मूनी हे नायकी कंपनीतून डिस्नेच्या विक्री विभागात आले. बर्फावरच्या एका कार्यक्रमाला गेले असता त्यांना रांगेत लहान मुली दिसल्या, राजकन्यांच्या वेशात. वेश घरी शिवलेले. मूनी यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला की मागणी समोर उभी आहे आणि माल आपण विकतच नाही. वेगवेगळ्या सिनेमांतल्या नायिका ‘डिस्ने प्रिन्सेस’ या एका नावाखाली आणल्या. विक्री २००१ मध्ये ३० कोटी डॉलर होती, ती २००६ मध्ये ३०० कोटींवर गेली. एक बारकावा पेगी ओरेनस्टीन या पत्रकार बाईंनी टिपला आहे: या राजकन्या एका डब्यावर शेजारी शेजारी उभ्या असतात, पण एकमेकींकडे बघत नाहीत. प्रत्येकीची गोष्ट वेगळी राहावी, म्हणून कंपनीनंच तसं ठरवलेलं. शेजारी असून मैत्रीण नाही.

पण यशाचंच ओझं झालं. डिस्ने म्हणजे मुलींचं, असा शिक्का बसला. मग मुलगे आणायचे कुठून? २००९ मध्ये कंपनीनं मुलग्यांसाठी ‘डिस्ने एक्सडी’ वाहिनी काढली आणि त्याच वर्षी जवळपास ४०० कोटी डॉलरला मार्व्हल विकत घेण्याचा करार केला. त्याच वर्षीचा ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ अपेक्षेइतका चालला नाही, तेव्हा शीर्षकातल्या ‘प्रिन्सेस’मुळे मुलगे आले नाहीत असं निदान झालं. पुढचा सिनेमा ‘रॅपुन्झेल’ या नावानं तयार होत होता. त्याचं नाव झालं ‘टँगल्ड’, आणि जाहिरातीत भटक्या चोर नायकाला पुढं आणलं. गोष्ट लांब केसांच्या मुलीची, आणि शीर्षकात मुलगीच नाही.

आता दोन्ही मांडण्या एकाच मालकाकडे आल्या: डावीकडे राजकन्या, उजवीकडे मार्व्हलचे वीर. मग उजवीकडच्या गोष्टीत एखादी बाई असली तर तिचं करायचं काय? २०१५ च्या ‘ॲव्हेंजर्स’ सिनेमात ब्लॅक विडो विमानातून मोटारसायकलवरून खाली झेपावते. त्याच प्रसंगाचं खेळणं आलं तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका बसलेला होता. त्या सिनेमातल्या मार्क रफेलो या नटानं आपल्या मुलींसाठी आणि पुतणीभाच्यांसाठी ब्लॅक विडोचा माल काढा, अशी जाहीर विनंती केली. ‘आयर्न मॅन ३’ मध्ये तर गोष्टच बदलली गेली: दिग्दर्शक शेन ब्लॅक यानं २०१६ मध्ये सांगितलं की मूळ पटकथेत खलनायिका होती, पण बाईचं खेळणं खपत नाही म्हणून वरून आदेश आला आणि खलनायक पुरुष केला. खेळणं सिनेमातून निघतं असं आपण धरून चालतो. इथं उलट झालं आहे.

वरिष्ठ आपसात कसे बोलत होते, याचा एक कागदही उपलब्ध आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मार्व्हलचे आयझॅक पर्लमटर यांनी सोनीचे प्रमुख मायकेल लिंटन यांना एक छोटी ईमेल पाठवली. सोनीचा पत्रव्यवहार फुटला तेव्हा तीही जगासमोर आली. त्यात तीन सिनेमांची नावं आहेत: एलेक्ट्रा, कॅटवुमन, सुपरगर्ल. नायिकेचे सिनेमे आपटतात, याचे दाखले. सुपरगर्ल १९८४ चा! तीस वर्षांतून शोधून तीन दाखले. २०११ मध्ये ग्रीन लँटर्न आपटला, त्याच्या आदल्या वर्षी जोना हेक्स आपटला, पण पुरुषांचे सिनेमे चालत नाहीत असं पत्र कोणी लिहिल्याचं आमच्या वाचनात नाही. पुरुषाचा सिनेमा पडला की तो सिनेमा पडतो. बाईचा पडला की बाई पडते. पुढं २०१७ मध्ये वंडर वुमननं ८० कोटी डॉलरच्या वर आणि २०१९ मध्ये खुद्द मार्व्हलच्या कॅप्टन मार्व्हलनं १०० कोटींच्या वर धंदा केला.

यंग जस्टिसचं काय झालं, हे राहिलं. चाहत्यांनी मागणी लावून धरली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती परत आली, पण टीव्हीवर नाही, वर्गणी भरून बघायच्या सेवेवर. म्हणजे पैसे आता बघणारा भरत होता. तिथं बघणारी मुलगी आहे की मुलगा, यानं कोणाचं नुकसान होत नव्हतं.

दुकानातल्या मांडण्यांचं एवढं सहज झालं नाही. २०१५ मध्ये टार्गेट या साखळी दुकानानं खेळण्यांच्या विभागातल्या ‘मुलगे’ आणि ‘मुली’ या पाट्या काढल्या, त्यावर बराच आरडाओरडा झाला. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’चा नवा सिनेमा आला. नायिका रे नावाची तरुणी. हॅस्ब्रोनं सिनेमाच्या निमित्तानं मोनोपोली हा खेळ काढला, त्यात चार सोंगट्या: ल्यूक, फिन, कायलो रेन आणि डार्थ व्हेडर. व्हेडर तर या गोष्टीच्या कितीतरी आधी मेलेला. रे नाही. आठ वर्षांच्या एका मुलीनं कंपनीला पत्र लिहून विचारलं की रे कुठं आहे. कंपनीनं आधी सांगितलं की सिनेमाचं रहस्य फुटू नये म्हणून तिला वगळलं. मग जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं की नव्या संचात रे असेल. दीड वर्षानं, २०१७ मध्ये, बातमी आली की रेची सोंगटी असलेला संच अमेरिकेच्या दुकानांत आलाच नाही. परदेशात काही ठिकाणी तो गेला. अमेरिकेत का नाही, तर दुकानदारांकडून पुरेशी मागणी नव्हती.

इथं थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.